ड्रेसाज : तरुण घोड्याची घडण

पाठीवर स्वार आल्याने बिघडलेला तोल तरुण घोड्याला परत मिळावा आणि हलक्या इशाऱ्यांवर त्याने चाल, दुडकी व कँटर (संथ दौड) या तिन्ही गती मोकळ्या अंगाने कराव्यात, यासाठीचे क्रमवार शिक्षण. ड्रेसाज हा शब्द ‘शिकवून तयार करणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला.

या विद्येचा आरंभ कोठे धरावा, यावर मतभेद आहेत. प्राचीन पश्चिम आशियातील मितानी राज्याचा अश्वशिक्षक किक्कुली याचा हित्ती भाषेतील, मातीच्या विटांवर लिहिलेला ग्रंथ (इ. स. पू. सुमारे १४ वे शतक, काहींच्या मते त्याआधीचा) काही जण आद्य मानतात. त्यातील ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’ ही फेऱ्यांची नावे संस्कृत एक, त्रि, पञ्च यांच्या जवळची असल्याने भाषाभ्यासकांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. मात्र तो ग्रंथ रथाच्या घोड्यांचा दम वाढवण्याविषयी आहे. खोगिराखालच्या घोड्याचा त्यात विचार नाही. त्यामुळे ग्रीक लेखक झेनोफनच्या अश्वारोहणावरील ग्रंथापासून (इ. स. पू. ४ थे शतक) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जुलमाने करवलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, हे त्याने स्पष्ट सांगितले आहे. नेपल्सचा अश्वशिक्षक ग्रिझोने याच्या १५५० च्या ग्रंथात कठोर शिक्षा आढळतात. फ्रान्सचा अश्वशिक्षक ला गेरिनिएर याच्या ग्रंथात (१७३३) सौम्य पद्धत स्थिरावलेली दिसते. ‘खांदा आत’ (घोड्याचे खांदे रेषेपासून किंचित आत घेऊन चालवणे) या व्यायामाचे श्रेय सामान्यतः त्याला दिले जाते. इंग्लंडचा सरदार न्यूकॅसल १६५८ मध्येच वर्तुळावर तसे काही करवत होता, हे खरे. पण सरळ रेषेवर आणून त्याला आजचे रूप गेरिनिएरने दिले.

ताल, सैलपणा, संपर्क (लगामातून घोड्याचे तोंड व स्वाराचा हात यांचा हलका दुवा), आवेग (मागच्या पायांतून येणारा जोर), सरळपणा व संकलन (मागच्या पायांवर अधिक भार घेणे) ही सहा पायऱ्यांची जर्मन मांडणी आज सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे मूळ घोडदळाच्या नियमपुस्तकात (१९१२, १९३७ ची आवृत्ती विशेष महत्त्वाची) शोधतात, सहा शब्दांची ठरीव यादी मात्र त्यानंतरची असावी. या पायऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सैलपणा नसेल तर ताल टिकत नाही.

घोड्यावर मांड टाकण्याचे काम साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होते. कण्यातील वाढीच्या चकत्या (हाड वाढवणारे कूर्चेचे थर) सर्वांत उशिरा, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास जुळतात. म्हणून घाई घातक ठरते. प्रथम लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे, मग थोड्या वेळाची सवारी आणि अधूनमधून लगाम सैल सोडून विश्रांती, असा क्रम असतो.

घोडा बरोबर काम करतो आहे, हे डोळ्यांआधी बैठकीला कळते. वीस मीटरच्या वर्तुळावर दुडकी चालू असताना आतला मागचा पाय पोटाखाली पडू लागला की पाठ किंचित उचलते आणि स्वार वर फेकला न जाता तिच्यात सामावतो. पोटाचा घेर पायांखाली आळीपाळीने डावी-उजवीकडे झुलतो. घोडा नाक फुरफुरतो, ओठांवर थोडा फेस येतो, शेपटी सैल हलते. लगामातले वजन मेलेले नसते. ते प्रत्येक पावलाबरोबर मऊ श्वास घेते. माणसांप्रमाणे घोडाही डावखुरा किंवा उजवा असतो, त्यामुळे एका हातात जडपणा आणि दुसऱ्यात पोकळी जाणवते. जड बाजू ओढून हा दोष जात नाही. मागचे पाय पुढच्यांच्या रेषेत आणल्यावरच तो कमी होतो.

मान वाकली म्हणजे घोडा तयार झाला, हा समज फार नुकसान करतो. हातांनी ओढून आणलेल्या मानेमागे पाठ दबलेली राहते, मागचे पाय शरीराबाहेर घसटत पडतात. याची चाचणी सोपी आहे. दुडकीतच बोटांमधून लगाम हळूहळू सोडावा. पाठीतून काम करणारा घोडा ताल न बदलता नाक पुढे-खाली नेत संपर्क शोधत जातो. नुसता आवळलेला घोडा डोके वर झटकतो किंवा धावू लागतो.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या (स्थापना १९२१) नियमांनुसार ग्रां प्री या सर्वोच्च स्पर्धापातळीसाठी घोडा किमान ८ वर्षांचा असावा लागतो.