माळढोक अभयारण्य, नान्नज

सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत पसरलेले, माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले अभयारण्य. त्याचे केंद्र म्हणजे उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज. सोलापूरहून बार्शीच्या वाटेला लागले की साधारण २० किलोमीटरवर हे गाव येते. निसर्ग राखण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो आणि तो टाकताना कोणाला विचारले जाते, हा पर्यावरणीय न्यायाचा मूळ प्रश्न. तो समजून घ्यायला नान्नजचा माळ पुरेसा आहे.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, जमीन मुरमाड. तिच्यावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते येतात. काळवीट, लांडगा, खोकड आणि धावीक पक्षी यांचे हे घर आहे, मेंढपाळांचे चराऊ रानही हेच. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते. या एका शब्दाने माळाचे फार नुकसान केले आहे. पडीक म्हटले की तिथे काहीतरी ‘करायला’ हवे असे वाटू लागते. मग खड्डे खणून झाडे लावली जातात. नान्नजच्या परिसरातही गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावले गेले. मोकळ्या नजरेवर जगणाऱ्या पक्ष्याच्या अंगणात अशी झाडी उभी राहिली. गवताळ जमीन कर्ब (कार्बन) मुख्यतः मातीत आणि मुळांत साठवते. हवामानबदलाच्या हिशेबात झाडे मोजणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एक विणीचा हंगाम वाया गेला, तर तो भरून निघणे अवघड असते.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथल्या काही माळांवर चराई बंद करण्यात आली. गवत वर आले आणि माळढोक तिथे स्थिरावले. पक्ष्याला लागत होते ते असे राखलेले गवताचे तुकडे आणि भोवतालची ज्वारी, करडई, हरभऱ्याची जिरायती शेते. घोषणा झाली ती मात्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरची, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रफळाची. त्यात वनजमीन थोडी होती. बाकी खासगी शेते, वस्त्या, रस्ते आणि गावेच्या गावे कागदावर अभयारण्यात गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते निश्चित करावेत, अशी तरतूद आहे. पण एवढ्या अफाट क्षेत्रात जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे वर्षानुवर्षे अडकून राहिली, आणि आपल्या अडचणींचे कारण म्हणून लोक पक्ष्याकडे बोट दाखवू लागले. जो शेतकरी त्याला रानात निमूटपणे चरू देत होता, त्यालाच त्याचा वैरी ठरवले गेले. पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोवर पक्षी हातचा गेला होता. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

या ऱ्हासाला अभयारण्याची चुकलेली आखणी हे एकच कारण नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्यात ऊस वाढत गेला. विहिरी, विंधनविहिरींच्या पाण्यावर द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा आल्या. जिरायती रान आटले. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. ज्याने बहात्तरचा दुष्काळ पाहिला, तो दारी आलेले पाणी कसे नाकारील?

याच पक्ष्यामुळे भारतातील हवामानबदलाविषयीच्या न्यायविचाराला एक मोठे वळण मिळाले. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक वीजवाहिन्यांवर आदळून मरतात. त्याविरुद्ध वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विस्तृत प्रदेशातील वाहिन्यांवर निर्बंध घातले आणि शक्य तिथे त्या जमिनीखालून नेण्यास सांगितले. २१ मार्च २०२४ च्या निकालात हा आदेश सौरऊर्जेची निकड मान्य करून शिथिल झाला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निघतो, हे न्यायालयाने याच निकालात म्हटले आणि या दुष्परिणामांची झळ दुर्बल समाजांना अधिक बसते याचीही दखल घेतली. वीज प्रकल्पांसाठी मोकळी जागा शोधताना नजर पहिल्यांदा ‘पडीक’ माळाकडेच जाते. त्यामुळे हा वाद राजस्थानपुरता राहत नाही.

या साऱ्या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येतो तो धनगरांचा आवाज. मेंढरांचा वाडा घेऊन फिरणारी ही माणसे माळ कोणत्या महिन्यात चारायचा आणि कधी सोडायचा हे जाणतात. शेतकरी खतासाठी मेंढरे रानात बसवून घेतो, त्यामुळे शेत आणि माळ यांचे नाते त्यांच्यामुळेच टिकून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईच्या हक्काला जागा आहे. मात्र राज्यात धनगर अनुसूचित जमातींत नव्हे, तर भटक्या जमातींत मोडत असल्याने त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनातील रहिवास दाखवावा लागतो.