धडक नाही, तरी हेडरेस्ट उडालं

मे महिन्यातली दुपार, जळगावचा आकाशवाणी चौक. सिग्नल लाल होता आणि आमची गाडी उभी होती. गाडी माझ्या थोरल्या साडूंची, अण्णांची. परदेशी बनावटीची, अकरा वर्षं जुनी, पुण्याहून सेकंडहॅण्ड घेतलेली. अण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी. अचानक ‘फाट्’ असा आवाज झाला आणि अण्णांचं डोकं पुढे ढकललं गेलं. चष्मा मांडीवर पडला. मागून कुणीतरी ठोकलं, असंच आम्हा दोघांना वाटलं. अण्णा मान धरून तणतणत खाली उतरले. मागे रिक्षा होती, पण चांगली सात-आठ फूट लांब. रिक्षावाला गोंधळून म्हणाला, “मी ते आठेच उभा शे, भाऊ. धक्का कोनी दिना?”

त्याचं खरं होतं. बंपरवर ओरखडासुद्धा नव्हता. अण्णांच्या सीटच्या हेडरेस्टचा पुढचा अर्धा भाग मात्र जबडा उघडावा तसा पुढे आला होता. अण्णांनी रिक्षावाल्याची माफी मागितली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न सुरू झाले आणि आम्ही तशीच गाडी अजिंठा चौफुलीकडच्या गॅरेजला नेली.

हा प्रकार आमच्याच नशिबी आला असं नाही. अमेरिकेत २०१० च्या दशकातल्या काही मॉडेलांबाबत अशाच तक्रारी तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे गेल्या आहेत, प्रकरण कोर्टातही गेलं आहे. चालत्या गाडीत किंवा उभ्या गाडीत, धडक न होताच, हेडरेस्ट डोक्यावर आदळतं. असं का होतं ते समजायला आधी हे हेडरेस्ट असतं कशासाठी, ते पाहू.

नाव ‘रेस्ट’ असलं तरी ते डोकं टेकून डुलकी काढायला दिलेलं नाही. नियमांच्या भाषेत त्याला ‘हेड रिस्ट्रेंट’ म्हणतात, म्हणजे डोकं रोखून धरणारं. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून कारच्या पुढच्या सीटना ते सक्तीचं झालं. मागून धडक बसली की गाडी पुढे झेपावते, सीट पाठीला ढकलते आणि धड पुढे जातं. डोकं मात्र जडत्वामुळे आहे तिथेच राहू पाहतं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते मानेतल्या सात मणक्यांवर तोललेलं. धड निघून गेलं आणि डोकं मागे राहिलं, की मधल्या मानेचे हाल होतात. इंग्रजीत या दुखापतीला ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटका, म्हणतात.

मान चाबकासारखी सरळ मागे वाकते, असा समज बरीच वर्षं होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं, की त्याआधीच काहीतरी घडतं. धडकेनंतरच्या पहिल्या ०.१ सेकंदाच्या आतच मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी होते. मानेचे खालचे मणके मागे वाकतात आणि त्याच क्षणी वरचे पुढे. मणक्यांना अशी उलटसुलट घडी पडायची सवय नसते. डोकं अजून फारसं मागे गेलेलंही नसतं, तोवर इजा होऊन बसते. म्हणून डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातली फट फार मोलाची. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या मोजमापात ‘चांगलं’ ठरायला ही फट ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त असून चालत नसे, आणि हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्यापासून ६ सेंटिमीटरपेक्षा खाली असून चालत नसे.

आता आपण कसे बसतो ते आठवा. कुणी सीट खाटेसारखी मागे पाडून बसतो, कुणी स्टिअरिंगवर झुकून. फट वितभर राहते. तेव्हा अभियंत्यांनी ठरवलं, की डोकं हेडरेस्टजवळ येत नसेल तर धडकेच्या वेळी हेडरेस्टच डोक्याजवळ गेलं पाहिजे. अशा हेडरेस्टला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात.

ते करायच्या दोन वाटा आहेत आणि माझ्या मते सगळी गोष्ट या फरकात आहे. पहिली वाट स्वीडनच्या ‘साब’ कंपनीने १९९७ च्या ‘९-५’ या गाडीत आणली. पाठटेकीच्या आत एक पट्टी आणि तिला जोडलेला तरफेचा दांडा. मागून धडक बसली की माणसाची पाठ सीटमध्ये रुतते, पट्टी दाबली जाते आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं हेडरेस्ट वर आणि पुढे येतं. वीज नाही, स्प्रिंग ताणून ठेवलेली नाही. लागणारी सगळी ऊर्जा धडकच पुरवते. धडक नाही तर ऊर्जा नाही.

दुसऱ्या वाटेत ऊर्जा आधीच भरून ठेवतात. हेडरेस्टचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग. मध्ये पोलादी स्प्रिंग दाबून बसवलेली आणि तिला अडवून धरणारा एक खटका. गाडीतल्या सेन्सरला मागची धडक कळली, की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटकडून वीज येते, सोलेनॉइड नावाचं छोटं विद्युतचुंबक खटका ओढतं आणि स्प्रिंग पुढचा भाग फेकते. ही रचना चपळ आहे, कारण पाठ रुतेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पण कारखान्यातून निघाल्या दिवसापासून, गाडी चालो की झाकून ठेवलेली असो, ती स्प्रिंग दाबलेलीच असते. उंदरासाठी लावलेला चाप रात्री लावतात आणि सकाळी काढतात. इथे चाप लावलेलाच आहे, दहा-दहा वर्षं, आपल्या डोक्यामागे.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हेडरेस्ट काढून टेबलावर ठेवलं. आधी दोन्ही तळहातांनी जोर लावून पुढचा भाग मागे दाबला. ‘टक्’ आवाज यायला हवा होता, आला नाही. हात काढताच तो पुन्हा उसळला. “स्प्रिंग ओके आहे,” ते म्हणाले, “लॉक गेलंय.” सोलेनॉइडने खटका ओढला असता तर तो पुन्हा दाबल्यावर अडकला असता. इथे अडकायला काही उरलंच नव्हतं. पुढचं आवरण काढल्यावर आतून एक काळा प्लास्टिकचा तुकडा घरंगळत पडला, चिंचोक्याएवढा. स्प्रिंगचा सगळा जोर ज्या कंगोऱ्यावर टेकलेला असतो, तो हा कंगोरा.

मी तो उजेडात धरून भिंगाखाली पाहिला. तुटलेली बाजू एकसारखी नव्हती. एका कडेला मळकट, गुळगुळीत पट्टा होता आणि बाकीचा भाग ताजा, खडबडीत, पांढुरका. मोडलेल्या वस्तू अशा बोलतात. मळकट पट्टा म्हणजे जुनी चीर, हळूहळू आत सरकत गेलेली. खडबडीत भाग म्हणजे शेवटी उरलेला, जो आकाशवाणी चौकात एका क्षणात तुटला. तडा कधीचाच गेला होता, आवाज त्या दिवशी झाला.

याची घरगुती आवृत्ती खान्देशातल्या प्रत्येक गच्चीवर सापडते. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे मार्चमध्ये आणावेत, दोरीला लावून ठेवावेत. जूनपर्यंत त्यातले चार-सहा खाली पडलेले असतात, कुणी हात न लावता. उचलून पाहा. तारेची स्प्रिंग ठणठणीत आणि प्लास्टिकच्या पाकळ्यांचे दोन तुकडे. चिमट्याला ऊन खातं, त्यातले अतिनील किरण प्लास्टिक ठिसूळ करतात. हेडरेस्टच्या पोटात ऊन पोचत नाही. बाकी सगळं तेच आहे: न थकणारं पोलाद, त्याला रोखणारं प्लास्टिक आणि उष्णता.

पोलादाच्या आत अणू शिस्तीत रचलेले असतात. गाडीत होते तेवढ्या उष्णतेने ती रचना ढळत नाही, म्हणून स्प्रिंगचा जोर दहा वर्षांनीही जवळपास तेवढाच राहतो. प्लास्टिकची गोष्ट वेगळी. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, सुतळीच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या. गुंता थोडा वेळ ओढून सोडला तर पूर्ववत होतो. तेवढ्याच जोराने सतत ओढत राहिलं तर धागे एकमेकांवरून किंचित किंचित सरकतात. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात. पुस्तकांच्या वजनाने मधोमध खाली आलेलं प्लास्टिकचं रॅक म्हणजे क्रीपच. जिथे कोपरा धारदार असतो तिथे ताण एकवटतो, साखळ्या आधी तिथे सुटतात, सूक्ष्म चिरा पडतात आणि त्या जोडल्या जाऊन तडा पुढे सरकतो. म्हणजे पहिल्या दिवशी जो भार प्लास्टिक हसत हसत पेलतं, त्याच भाराने ते काही वर्षांनी मोडतं. भार वाढलेला नसतो, फक्त वेळ गेलेला असतो.

उष्णता या सरकण्याला वंगण घालते. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वाढतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणजे गाडीत साठीच्या पुढे. रात्री पुन्हा उतार. तापमान १० अंशांनी वाढलं की प्लास्टिकसारख्या पदार्थांचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. थंड देशातल्या कॅलेंडरवर मोजलेली दहा वर्षं आणि आपल्याकडची दहा वर्षं एक नव्हेत. त्यात काही प्लास्टिकांना तेल किंवा स्पिरिट सोसत नाही. ताण असलेल्या जागी असा द्रव झिरपला की चीर लवकर पडते. सीट साफ करायचे फवारे मारताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

प्लास्टिक भाराखाली वर्षानुवर्षं कसं वागेल, हे आधी कळूच शकत नाही का? कळतं. आणि हे जळगावइतकं चांगलं कोणाला माहीत असणार! आपलं गाव पाइपांचं. पाण्याचा पाइप ५० वर्षं दाबाखाली टिकायचा असेल तर ५० वर्षं थांबून कुणी पाहत नाही. पाइपाचे तुकडे वेगवेगळ्या दाबाखाली आणि वाढीव तापमानात ठेवतात, कोणता किती तासांनी फुटला याची नोंद १०,००० तासांपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा महिने घेतात, आणि त्या आलेखावरून पुढची वर्षं काढतात. पाइप एका दिवसाच्या दाबाने फुटत नाही, साचलेल्या वेळाने फुटतो, हे त्या धंद्यात गृहीतच धरलेलं आहे. हेडरेस्टच्या खटक्याकडेही याच नजरेने पाहायला हवं. दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. त्यातलं त्याचं खरं काम सेकंदाच्या एका अंशाचं, तेही कदाचित कधीच न येणारं. उरलेला सगळा काळ त्याने नुसतं धरून राहायचं असतं. ते धरून राहणं कमी लेखून चालत नाही. तो कंगोरा पोलादाचा असता किंवा त्याचा कोपरा गोलसर आणि जाड असता, तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडत गेलं, आणि फुगवणारा डबाच फुटून धातूचे तुकडे उडू लागले. तिथे अमेरिकेत उष्ण, दमट राज्यांतल्या गाड्या आधी परत बोलावल्या गेल्या. सुरक्षेचं साधन कोणत्या हवेत म्हातारं होतंय, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. हेडरेस्टबाबतही तो विचारायला हवा.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत साधं, स्प्रिंग नसलेलं हेडरेस्ट असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. त्याची उंची मात्र आज पाहून घ्या. वरची कड निदान कानांच्या वरपर्यंत तरी यावी. नेहमी दिसतं ते उलट: हेडरेस्ट तळाशी दाबलेलं, मानेत रुतणारं. जुनी परदेशी गाडी असेल तर माहितीपुस्तकात ‘ॲक्टिव्ह’ शब्द शोधा आणि चासी नंबर देऊन कंपनीकडे रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे गाडी परत बोलावली आहे का, ते विचारा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवतो, मोडलेलं प्लास्टिक त्याला बहुधा कळणार नाही. उडालेलं हेडरेस्ट पट्ट्याने बांधून टाकायचा किंवा काढून डिकीत फेकायचा मोह होतो. दोन्ही वाईट. त्याच्याविना गाडी चालवली आणि धुळे महामार्गावर मागून ट्रकने ठोकलं, तर मानेला कुणीच वाली नाही.

अण्णांची मान आठवडाभर आखडली होती, पण डॉक्टरांनी तपासून गंभीर नसल्याचं सांगितलं. मिस्त्री नवा भाग कुठून मागवायचा याची चौकशी करत होते, तेव्हा मी विचारलं, “आणि माझ्या बाजूचं?” त्यांनी डाव्या सीटचं हेडरेस्ट काढलं, तोंड भिंतीकडे करून धरलं आणि खटका मोकळा केला. ते उसळलं. मग आतला कंगोरा भिंगाखाली आणला. तो शाबूत होता. पण बुडाशी, अगदी त्याच कोपऱ्यात, केसाएवढी एक पांढरी रेघ होती.