खडकाचं वय कार्बन डेटिंगने काढत नाहीत

खडकाचं वय कार्बन डेटिंगने काढतात, हा समज भूशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या कित्येकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. त्यात मोजतात तो किरणोत्सारी कार्बन-१४; त्याचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही. तेही लाकूड, हाडं अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींपुरतं.

ग्रॅनाइटचं वय काढायला त्यातला झिरकॉन या खनिजाचा स्फटिक लागतो. खडक कुटायचा, चाळायचा, जड द्रवात टाकायचा, तळाशी बसलेले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचे (किचकट काम). हा स्फटिक बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास नाहीच. युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं. म्हणजे आतलं शिसं नंतर युरेनियमपासूनच झालेलं, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून वय निघतं. शिसं गळालं की वय कमी भरतं, म्हणून युरेनियम-२३८ आणि २३५ या युरेनियमच्या दोन प्रकारांवरून काढलेले आकडे ताडून पाहतात. वालुकाश्मात मात्र वय दाण्याचं कळतं, थराचं नव्हे.