पिल्लाचा शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला?

"लस टोचून आणली होती, तरी पार्व्हो झालाच." पिल्लू दगावलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पाठोपाठ दोनपैकी एक निष्कर्ष निघतो: लस बोगस होती, नाहीतर लशींचा मुळात काही उपयोगच नसतो. थंड साखळी (कारखान्यापासून सुईपर्यंत लस सतत गार ठेवण्याची व्यवस्था) तुटून लस निकामी होते, हे खरं आहे. पण उत्तम प्रतीची, नीट सांभाळलेली लस जाणत्या हाताने टोचली तरी ती वाया जाऊ शकते. अशा अपयशाचं सर्वांत मोठं कारण पिल्लाला त्याच्या आईनेच दिलेलं असतं, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. कुत्रं पाळणाऱ्याने विज्ञानातली एकच गोष्ट नीट समजून घ्यायची ठरवली, तर मी हीच निवडेन.

आधी शत्रूची ओळख. १९७८ च्या सुमारास जगभरच्या कुत्र्यांमध्ये रक्ताच्या जुलाबांची साथ एकाएकी उसळली. मांजरांमधल्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी अगदी जवळचं नातं असलेल्या एका विषाणूच्या कवचातली मोजकी अमिनो आम्लं बदलली होती आणि त्यामुळे तो कुत्र्याच्या पेशींना चिकटू लागला होता. हाच पार्व्हो. वाढण्यासाठी त्याला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मज्जेत भरपूर असतात. म्हणून उलट्या, जुलाब आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळणं हे सगळं एकदम सुरू होतं. या विषाणूला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि स्पिरिटला तो दाद देत नाही. मातीत तो महिनोन्महिने टिकतो आणि बुटाच्या तळव्याला चिकटून घरात येतो.

आता पिल्लाकडे वळू. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी रक्तातली प्रथिनं, गर्भात असतानाच वारेतून मिळतात. कुत्रीच्या वारेत आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे जास्त थर असतात. त्यातून जेमतेम ५ ते १० टक्के अँटिबॉडी पलीकडे पोचतात. म्हणजे पिल्लू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. उरलेली सगळी शिदोरी आईच्या चिकातून येते.

इथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आड येते. अँटिबॉडी हे प्रथिन आहे आणि पोटात गेलेलं प्रथिन पचून त्याचे तुकडे होतात. मग चिकातल्या अँटिबॉडी रक्तात अखंड कशा पोचतात? नवजात पिल्लाच्या जठरात आम्ल फार कमी असतं. चिकातच ट्रिप्सिन या पाचक रसाला रोखणारे रेणू असतात. आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पहिले काही तास प्रथिनांचे मोठाले रेणू न तोडता आत घेतात आणि दुसऱ्या बाजूने रक्तात सोडतात. शरीराची ही मोकळीक फार अल्पजीवी असते. जन्मताच जेवढं शोषलं जातं, त्याच्या साधारण निम्मंच चार तासांनी शोषलं जातं. बारा तासांनी ते आणखी बरंच घटतं आणि दिवस संपेपर्यंत ती वाट बंद होते. त्यानंतर आईचं दूध पोषण देतं, आतड्याच्या पृष्ठभागावर थोडं संरक्षणही देतं, पण रक्तात अँटिबॉडी भरू शकत नाही.

म्हणून कुत्री व्यायली की पहिल्या काही तासांवर सगळं लक्ष हवं. पिल्लू कोरडं करा, ऊब द्या, आचळाला लावा, याच क्रमाने. गारठलेल्या पिल्लाला नीट चोखता येत नाही आणि बळेच पाजलं तरी पचत नाही. आचळाशी तोंड नेलं म्हणजे पिल्लू प्यायलं असं समजू नका. जवळून पाहा: जीभ आचळाभोवती पन्हाळीसारखी वळलेली असते, पुढचे दोन्ही पंजे आईचं पोट आळीपाळीने चेपत असतात आणि गळ्याखाली गिळण्याची हालचाल दिसते. हे दिसलं नाही तर पिल्लू नुसतं बिलगून पडलेलं आहे. मोठ्या वेतात धट्टीकट्टी भावंडं पुढे घुसतात आणि हलकं पिल्लू मागे राहतं, त्याला आपण हाताने जागा करून द्यायची. रोज ठरावीक वेळी वजन करून वहीत लिहायचं. वाढ थांबली तर ते वहीत दिसतं, नुसत्या डोळ्यांना ते उशिरा कळतं.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे. यात थोडी आकडेमोड आहे, पण ती फक्त निम्मं करण्याची.

आईकडून आलेल्या अँटिबॉडी पिल्लू स्वतः बनवत नाही. त्यामुळे त्या संपत जातात: काही झिजतात, काही वाढत्या शरीरात पातळ होतात. पोलॉक आणि कारमायकेल या संशोधकांनी १९८२ मध्ये पार्व्होच्या अँटिबॉडींचं अर्धायुष्य, म्हणजे त्या निम्म्या व्हायला लागणारा काळ, मोजलं, ते ९.७ दिवस आलं. आपण सोयीसाठी १० दिवस धरू. अँटिबॉडींचं प्रमाण टायटरमध्ये सांगतात. रक्तद्रव किती पट पातळ केला तरी तो विषाणूला रोखतो, तो आकडा म्हणजे टायटर. पार्व्होच्या नेहमीच्या चाचणीत ८० किंवा त्याहून जास्त टायटर असेल तर पिल्लू सुरक्षित मानतात.

समजा एका पिल्लाने पोटभर चीक प्यायला आणि त्याचा टायटर १२८० झाला. दहा दिवसांनी ६४०, वीस दिवसांनी ३२०, तिसाव्या दिवशी १६०, चाळिसाव्या दिवशी ८०. इथे संरक्षणाची रेषा आली. पुढे पन्नासाव्या दिवशी ४० आणि साठाव्या दिवशी २०. पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे साडेसहा आठवड्यांचं असताना, त्याला पहिली लस टोचली तर काय होईल? या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याने पिल्लाच्या शरीरात थोडंफार वाढावं, तेव्हा कुठे पिल्लाची प्रतिकारयंत्रणा त्याला ओळखून स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला शिकते. पण आईच्या उरल्यासुरल्या अँटिबॉडी लशीतल्या मोजक्या विषाणूंना गाठून वाढण्याआधीच निकामी करतात. टायटर २० च्या आसपास असला तरी हे घडू शकतं. पिल्लू काहीच शिकत नाही. रोगाचा खरा विषाणू मात्र मोजका येत नाही. आजारी कुत्र्याच्या एका ग्रॅम विष्ठेत तो अब्जावधींच्या संख्येने असू शकतो आणि त्या लोंढ्यापुढे हा तुटपुंजा साठा पुरत नाही. म्हणजे साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसापर्यंत पिल्लाच्या रक्तातल्या अँटिबॉडी लशीला अडवण्याइतक्या असतात, पण रोगाला अडवण्याइतक्या नसतात. ही पोकळी प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येते. जास्त ताकदीच्या लशींनी ती आखूड होते, पण नाहीशी होत नाही.

आता त्याच वेतातलं दुसरं पिल्लू घ्या. त्याला चीक कमी मिळाला आणि टायटर १६० वरच राहिला. त्याची पोकळी दहाव्या दिवशी सुरू होऊन तिसाव्या दिवशी संपली. पंचेचाळिसाव्या दिवशी दिलेली तीच लस, त्याच कुपीतून, याच्यावर उत्तम चालेल. मात्र त्याआधीचे कित्येक दिवस ते उघड्यावर होतं. तिसरं पिल्लू अशा आईचं, जिच्या स्वतःच्या अँटिबॉडी फार उंच आहेत. त्याचा टायटर २०४८० धरा. तो २० पर्यंत उतरायला दहा वेळा निम्मा व्हावा लागतो, म्हणजे १०० दिवस. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात दिलेले तिन्ही डोस या पिल्लावर वाया जाऊ शकतात. शिदोरी सोळा पट मोठी असूनही ती पुरते मात्र ४० दिवसच जास्त. निम्मं होत जाणाऱ्या गोष्टींचं गणित असंच चालतं.

कोणत्या पिल्लाची पोकळी कधी उघडते हे बाहेरून दिसत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या एका विषाणूजन्य रोगासाठी आईचा टायटर मोजून पिल्लांच्या लशीचा दिवस काढण्याचा तक्ता बनवला होता. प्रत्येक कुत्रीची अशी तपासणी करणं व्यवहारात जड जातं. म्हणून ठरावीक अंतराने डोस देत राहायचं, म्हणजे पोकळी संपल्यावर त्यातला एक तरी बरोबर लागू पडतो. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या लसीकरण मार्गदर्शिकेत हेच आहे: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. 'तीन डोस झाले' या वाक्याला स्वतंत्र अर्थ नाही. तिन्ही डोस बारा आठवड्यांच्या आत उरकले असतील, तर त्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण झालेलं नाही. पिल्लू विकत किंवा दत्तक घेताना कार्डावर सही-शिक्का पाहण्याआधी शेवटच्या डोसाची तारीख आणि पिल्लाची जन्मतारीख शेजारी ठेवून पाहा.

या पोकळीच्या भीतीवर एक बाजारही उभा राहिला आहे. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी, थेंब, 'नैसर्गिक लस' म्हणून खपवले जाणारे होमिओपॅथीचे नोसोड (रोगाच्याच द्रव्यापासून बनवलेली, अतिशय पातळ केलेली औषधं). यातल्या कशानेही पार्व्होच्या विशिष्ट अँटिबॉडी तयार होत नाहीत. नोसोड तर त्याच मार्गदर्शिकेने स्पष्टपणे नाकारलेले आहेत. महिनाभराच्या पिल्लाला चीक-पावडर पाजून काही साधत नाही, कारण ती वाट जन्माच्या दुसऱ्या दिवशीच बंद झालेली असते. हे पदार्थ विकणारे पालकाला खोटा दिलासा देतात आणि त्या भरवशावर पिल्लू रस्त्यावर फिरवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

मग सोळा आठवडे पिल्लू कोंडून ठेवायचं का? तेही चूक. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नवी माणसं, आवाज आणि स्पर्श सहज स्वीकारतो. या काळात माणसांपासून दूर वाढलेली पिल्लं पुढे कायमची बुजरी राहतात, हे १९६० च्या आसपासच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर न्या. पूर्ण लसीकरण झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांशी घरातच गाठ घालून द्या. पंजे, कान, तोंड रोज हाताळा, ब्रश आणि नखं कापण्याची सवय याच दिवसांत लावा. अनोळखी कुत्रे जिथे शी-शू करतात, तिथे मात्र त्याला जमिनीवर सोडू नका. घरात पूर्वी पार्व्हो होऊन गेला असेल तर फरशी आधी धुऊन मग एका भागाला तीस भाग पाणी घातलेल्या ब्लीचने पुसा आणि ते दहा मिनिटं तसंच राहू द्या.

ज्यांना कुत्रीची वेतं घ्यायची आहेत, त्यांनी तिचं लसीकरण मीलनाआधीच पूर्ण करावं. गाभण असताना जिवंत लस देत नाहीत. पिल्लांच्या शेवटच्या डोसानंतर चार आठवड्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासता येतात. तोवर आईच्या अँटिबॉडी उरलेल्या नसतात, त्यामुळे जे सापडेल ते पिल्लाचं स्वतःचं. काहीच सापडलं नाही तर पुन्हा लस देऊन पुन्हा तपासतात. मोजकी कुत्री त्यानंतरही प्रतिसाद देत नाहीत. हा दोष आनुवंशिक मानला जातो, म्हणून अशा कुत्र्याला प्रेमाने सांभाळावं, पण त्याच्यापासून पुढचं वेत घेऊ नये.