लोखंड आलं, सोडियम येतंय: स्कूटरच्या बॅटरीचं पुढे काय?

ई-स्कूटरची साधारण ३ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ३ युनिटची, बॅटरी उघडली तर आत बहुधा दोनपैकी एक मांडणी दिसते. पहिली एनएमसीची (निकेल, मँगनीज, कोबाल्ट): २१ मिमी व्यासाचे आणि ७० मिमी उंचीचे नळकांडी सेल, १२-१२ समांतर जोडून केलेले गट आणि असे १४ गट एकसर. एकूण १६८ सेल, सुमारे ५० व्होल्ट. दुसरी एलएफपीची (लिथियम, लोह, फॉस्फेट): इथे सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून एकसर १६ लागतात आणि ५१.२ व्होल्ट मिळतात. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. उन्हाळ्यात मात्र दोघांचा स्वभाव वेगळा.

बहुतेक एनएमसी सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस आणि वापराची ६० अंश अशी लिहिलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याची हवाच ४५ अंशांवर जाते. दुपारी गाडी चालवून आल्यावर आतले सेल त्याहून गरम असतात, आणि तशातच प्लग लावला की बीएमएस (बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) एकतर चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. लोक त्याला बिघाड समजतात. ते काम चोख करत असतं. अशा भागात चार्जिंग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपेल अशी वेळ लावावी. गाडी आल्या आल्या लावायचीच असेल तर निदान अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी.

उष्णतेनं नेमकं काय बिघडतं? सेलच्या ऋण बाजूला असलेल्या ग्रॅफाइटवर (कार्बनचा एक प्रकार) पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर तयार होतो. तो हवाच असतो, कारण ग्रॅफाइट आणि आतला द्रव यांच्यातली अभिक्रिया तो रोखतो. पण तापमान वाढलं की हा थर जाड होत जातो आणि त्यासाठी लागणारं लिथियम सेलमधल्याच साठ्यातून खर्ची पडतं. एकदा थरात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांमागे ही झीज साधारण दुप्पट होते. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वाईट. म्हणून सुट्टीत महिनाभर गावी जाताना १०० टक्के चार्ज करून गाडी पत्र्याच्या शेडखाली ठेवणं हा बॅटरी मारण्याचा खात्रीचा उपाय आहे. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी.

आता आगीचं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात उभ्या ई-स्कूटरनं पेट घेतला, देशात इतरत्रही तसंच घडलं आणि त्यानंतर एआयएस-१५६ हे ई-वाहनांच्या बॅटरी-सुरक्षेचं मानक कडक झालं. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत नवे नियम लागू झाले. त्यांतली सर्वांत मोलाची चाचणी: एका सेलमध्ये मुद्दाम बिघाड घडवायचा आणि त्याची उष्णता शेजाऱ्यांकडे पसरून सगळी बॅटरी पेटत नाही ना, हे पाहायचं. एनएमसीत तापमान २०० अंशांच्या पुढे गेलं की धन इलेक्ट्रोडच ऑक्सिजन सोडू लागतो, म्हणजे आगीला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहजी सुटत नाही. तरीही ‘एलएफपी पेटतच नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं मानू नये. फार तापलेल्या एलएफपी सेलमधूनही हायड्रोजनसह ज्वलनशील वायू निघतात आणि बंद खोलीत ते साठले तर स्फोट होऊ शकतो.

एलएफपीची खरी डोकेदुखी मात्र वेगळीच आहे. तिचं व्होल्टेज ३० ते ८० टक्के चार्जच्या पट्ट्यात जेमतेम ०.१ व्होल्टनं बदलतं. पठारावर चालताना उंचीवरून अंतर कळत नाही, तसं इथे व्होल्टेजवरून उरलेला चार्ज कळत नाही. मग बीएमएस आत किती करंट गेला, बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी ठेवतं. त्यात रोज थोडी चूक साचते आणि ती पुसली जाते फक्त पूर्ण चार्ज झाल्यावर. ‘२० टक्के दाखवत होती आणि अचानक बंद पडली’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

दुसरं कारण सेलमधला असमतोल. १६ सेलपैकी एक जरी मागे पडला तरी तो आधी रिकामा होतो आणि सगळी बॅटरी थांबते. बीएमएस भरलेल्या सेलची जादा वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळून बाकीच्यांना बरोबरीला आणतं, पण एलएफपीत हे बहुधा चार्जिंगच्या शेवटी, सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच होतं. आता आकडे पाहा. ६० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये ३ टक्के फरक म्हणजे १.८ अँपिअर-तास. रेझिस्टरमधून करंट जातो ६० मिलिअँपिअर. बरोबरीला यायला ३० तास! ‘८० टक्क्यांवर थांबवा’ हा मोबाइलच्या बॅटरीवरून उचललेला सल्ला एलएफपीला जसाच्या तसा लावला तर हे काम कधीच होत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल, तर आठवड्यातून एकदा १०० टक्के करून पुढे दोन-तीन तास प्लग तसाच राहू द्यावा.

आणि सोडियम? तत्त्व लिथियमचंच, फक्त सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू) मोठा, त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट मुरत नाही, म्हणून ‘हार्ड कार्बन’ नावाचा वेड्यावाकड्या रचनेचा कोळसा वापरतात. फायदा कुठे? लिथियम कमी व्होल्टेजला ॲल्युमिनियमशी संमिश्र बनवतं, त्यामुळे ऋण बाजूला महाग तांब्याची पट्टी घालावी लागते. सोडियम तसं करत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. शिवाय सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून पाठवता येतो. वाहतुकीत ही मोठी सोय. थंडीत तो चांगला चालतो हेही खरं, पण त्याचं कौतुक लडाखला. पुण्यात केपीआयटी कंपनीनं आयसर पुणे या विज्ञानसंस्थेच्या सहकार्यानं विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, आणि रिलायन्सनं २०२२ मध्ये ब्रिटनची फॅराडियन घेतली, ती याच रसायनासाठी.

तोटा वजनाचा. ३ युनिटसाठी नुसते सेल एनएमसीचे सुमारे १२ किलो, एलएफपीचे १७-१८ आणि सोडियमचे २१ किलोच्या घरात. जागाही जास्त. स्कूटरच्या सीटखाली हे जड जातं. ई-रिक्षात मात्र आज शंभर किलोहून जास्त वजनाच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या बसवलेल्या असतात, त्या बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात. सोडियमची पहिली खरी लढत त्यांच्याशी आहे, असं आम्हाला वाटतं. एलएफपीशी भावात टक्कर देणं सध्या कठीण. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये टनाला सुमारे ६ लाख युआन असलेलं लिथियम कार्बोनेट २०२४ मध्ये १ लाखाच्या खाली आलं आणि सोडियमच्या स्वस्ताईतली हवाच गेली.

घन-इलेक्ट्रोलाइट बॅटरीबद्दल (आतल्या द्रवाच्या जागी घन पदार्थ असलेली) थोडक्यात. टोयोटानं २०२७-२८ चं लक्ष्य सांगितलंय, तेही मोटारीसाठी. सल्फाइड जातीचा घन पदार्थ दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतो, म्हणून सगळं उत्पादन अतिकोरड्या खोल्यांत करावं लागतं. शिवाय सेल फुगताना-आकसताना थरांचा संपर्क सुटू नये म्हणून सतत दाब ठेवावा लागतो. हा खर्च स्कूटरला परवडायला बराच काळ जाईल.

जुन्या गाडीत सोडियमची बॅटरी घालून देणारे येतील, तेव्हा व्होल्टेज आधी विचारा. १६ एकसर एलएफपी बॅटरी ५८.४ ते ४० व्होल्टमध्ये चालते. १६ सोडियम सेलचा पल्ला, रसायनानुसार, ६४ पासून ३२ किंवा त्याहून खाली जातो. जुन्या ५८.४ व्होल्टच्या चार्जरनं ती पूर्ण भरणार नाही आणि ४०-४२ व्होल्टला बंद होणारा कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) तळाची वीज वापरू देणार नाही. कंट्रोलरची मर्यादा कुणी जुगाड करून खाली आणली तर ३००० वॉटसाठी ५४ व्होल्टला ५६ अँपिअर लागत होते, ते ३२ व्होल्टला ९४ लागतील. वायर आणि कनेक्टरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. चार्जर, कंट्रोलर आणि जाड वायरिंग यांसकट संच मिळत नसेल, तर नुसती बॅटरी घेऊ नये.