गेमिंग पीसी घेताय? पार्ट ठरवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे पीसी असेंबल करून घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, इंटेलचा आय५ प्रोसेसर टाकू की आय७? आणि आमचा उलट प्रश्नही ठरलेला, मॉनिटर कुठला वापरणार आणि खेळणार काय? समोरचा जरा थबकतो, कारण मॉनिटर म्हणजे सगळं घेऊन झाल्यावर उरलेल्या पैशात उरकायची गोष्ट असं डोक्यात बसलेलं असतं. पण गेमिंगचा हिशोब सुरू होतो तोच तिथून, म्हणून हे पत्रकही तिथूनच सुरू करतोय.

साधा फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० बाय १०८०, गुणाकार केला तर साधारण २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके. २५६० बाय १४४० चे, म्हणजे १४४०पी चे, होतात ३६.९ लाख आणि फोर-के चे ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, हे सगळे पिक्सेल रंगवायचे असतात, त्यामुळे फुल एचडीवरून १४४०पी ला गेलात की काम पावणेदोन पट आणि फोर-के ला सरळ चौपट. तेच कार्ड, तोच गेम, नुसता मॉनिटर बदलला की फ्रेम धाडकन खाली येतात आणि मग लोक म्हणतात कार्ड खराब निघालं. मिड-रेंज बजेट असेल तर फोर-के आत्ता विसरा, हे आम्ही तोंडावर सांगतो, राग आला तरी चालेल.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर ७ पेक्षाही कमी, आणि तेवढ्या वेळात फ्रेम तयार व्हायची तर प्रोसेसरलाही पळावं लागतं. म्हणजे व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे गेम १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झवर खेळायचे असतील तर प्रोसेसर जरा बरा घ्या, आणि मोठे, स्टोरीवाले, ग्राफिक्सने ठासून भरलेले गेम साठ-सत्तर फ्रेमवर निवांत खेळायचे असतील तर तोच पैसा कार्डात टाका. ऑनलाइन ते बॉटलनेक (एका पार्टमुळे बाकीचे अडणं) मोजणारे कॅल्क्युलेटर असतात, "१४ टक्के बॉटलनेक" वगैरे सांगणारे, त्यांचे स्क्रीनशॉट कृपया आणू नका. कुठला पार्ट आधी दमतो ते गेमप्रमाणे आणि रिझोल्यूशनप्रमाणे (पिक्सेलच्या संख्येप्रमाणे) बदलतं, कधीकधी एकाच गेममध्ये एका सीनपुरतं बदलतं, त्याचा एकच टक्का कसा काय निघेल?

ग्राफिक्स कार्ड

मॉनिटर सोडून बाकीचं बजेट शंभर धरलं तर त्यातले पस्तीस ते पंचेचाळीस इथे जाऊ द्या, प्रोसेसरला वीसच्या आसपास पुरतात. हा आमचा अंदाज आहे, दगडावरची रेघ नाही, पण कार्ड पंचवीसच्या खाली गेलं आणि प्रोसेसर चाळीसला पोचला तर तो गेमिंग पीसी नाही राहिला.

आता कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. ८ जीबीवर फुल एचडीत आजही बरंच काही चालतं, पण नवीन मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर, टाकले की ८ जीबी भरतं, मग जास्तीचा डेटा साध्या रॅममधून ये-जा करायला लागतो आणि गेम मधेच अडखळतो. सरासरी फ्रेम ठीक दिसतात पण खेळताना झटके बसतात, हे त्याचं लक्षण. १४४०पी मॉनिटर असेल किंवा चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १२ किंवा १६ जीबीवालं बघा.

आणि नावावर जाऊ नका, नावात फसवणूक म्हणणार नाही पण गोंधळ भरपूर आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० बहुतेकांना १२ जीबीवालं माहीत असतं, पण त्याच नावाने नंतर ८ जीबीवालंही आलं आणि त्यात नुसती मेमरी कमी नाही तर मेमरीपर्यंतचा रस्ता म्हणजे मेमरी बससुद्धा १९२ बिटवरून १२८ बिटवर आणलेली आहे, म्हणजे ते कार्डच हळू आहे. ४०६० टीआय, ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी हे तिन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आम्हाला पण नाही.

जुन्या मदरबोर्डवर नुसतं कार्ड बदलणार असाल तर एक बारीक गोष्ट. काही स्वस्त कार्डांना स्लॉट दिसतो पूर्ण लांबीचा पण आतल्या लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) कमी असतात, आरटीएक्स ४०६० ला आठ आणि आरएक्स ६५०० एक्सटी ला तर फक्त चार. ज्या बोर्डचा स्लॉट पीसीआय ४.० पिढीचा आहे त्यावर हे फारसं जाणवत नाही, ३.० बोर्डवर तो रस्ता निम्म्या वेगाचा होतो, आणि ६५०० एक्सटी वर व्हीरॅम पण ४ जीबीच, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. इंटेलचं आर्क बी५८० घ्यायचा विचार असेल तर आधी बोर्डात रिसाइझेबल बार हे सेटिंग (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं) आहे का बघा, ते नसेल तर त्या कार्डाचा वेग पार बसतो.

डीएलएसएस, एफएसआर चांगल्या गोष्टी आहेत, वापरा. १४४०पी वर क्वालिटी मोड लावलात की गेम आतून ९६०पी च्या आसपास रंगवला जातो आणि मग मोठा करून दाखवला जातो, म्हणून फ्रेम वाढतात. फ्रेम जनरेशन मात्र वेगळं प्रकरण, ते मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसवतं, फ्रेम मोजणारा काउंटर दुप्पट दाखवतो पण माउस हलवल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. मुळात पन्नास-साठ फ्रेम येत असतील तर ते छान वाटतं, पंचवीसचे पन्नास करायला गेलात तर नुसता चिखल. त्यामुळे जाहिरातीतला तीनशे फ्रेमचा आकडा कुणी दाखवला तर फ्रेम जनरेशन बंद ठेवून किती, हे विचारायचं.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

सहा कोर बारा थ्रेड (काम करणारे भाग सहा, एकावेळी कामं बारा), मिड-रेंजला एवढं बास. एएमडीचे रायझन ५ ५६००, ७६००, इंटेलचा आय५ १२४००एफ, यातलं काहीही या वर्गाच्या कार्डाला पुरतं. आय७ चा आग्रह धरणाऱ्यांना आमचं एकच सांगणं, व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर जरूर घ्या, नुसत्या गेमसाठी नाकापेक्षा मोती जड होतो. इंटेलच्या नंबरामागचा एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं किंवा दुरुस्तीला गेलं तर स्क्रीनवर काही दिसणार नाही, रायझन ५६०० चंही तसंच, ७६०० मध्ये मात्र कामापुरतं ग्राफिक्स आहे. आणि ५५०० हा ५६०० चा थोडा स्वस्त भाऊ समजून घेऊ नका, त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मा आहे, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआय पण ३.० च.

बोर्ड घेताना बघायचं ते सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते, बजेट अगदीच ताणलेलं असेल तर तो अजूनही शहाणपणाचा सौदा आहे, पण पुढे वाट संपते. एएम५ २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर५, आणि तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून काम भागवायची सोय राहते. इंटेलचं एलजीए १७०० हे १२, १३, १४ या तीन जनरेशनपुरतं होतं, पुढचं सॉकेट वेगळं. बाकी बोर्डावर फार खर्च करू नका, बी सिरीज (मधल्या दर्जाचे बोर्ड) पुरते, फक्त व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक असलेला घ्या.

रॅम एकच १६ ची नको, ८-८ च्या दोन घ्या, जमलं तर १६-१६ च्या. दोन काड्या दोन चॅनलवर (प्रोसेसरपर्यंतच्या दोन वाटांवर) चालतात आणि गेममध्ये त्याचा फरक पडतो. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, शेजारी शेजारी नाही. मध्ये एक ग्राहक स्वतः जोडलेला पीसी घेऊन आले, ६००० स्पीडची महागाची रॅम किट, आणि पीसी म्हणे सुस्त. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरीचा स्पीड ४८००. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या स्पीडवर नेणारं सेटिंग, चालू केलं, रीस्टार्ट, काम झालं, दोन मिनिटं लागली असतील. इंटेलवर त्याच सेटिंगला एक्सएमपी म्हणतात. ते आपोआप चालू होत नाही, म्हणून खोक्यावरचा स्पीड मिळतोच असं समजू नका.

एसएसडीचं थोडक्यात, एनव्हीएमई (वेगवान प्रकार) घ्या, १ टीबी घ्या. ३५०० आणि ७००० एमबी प्रति सेकंदमधला फरक गेम लोड होताना फारसा कळत नाही, पण हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलेलं मात्र डोळे मिटूनही कळतं. खोक्यावर एम.२ लिहिलंय म्हणजे एनव्हीएमईच असतं असं नाही, त्याच आकारात साटावाली (जुन्या, हळू जोडणीची) पण येते आणि ती ५५० च्या आसपासच अडकते.

एसएमपीएस, इथे कंजुषी नको

सगळ्यात जास्त वाद आम्ही या पार्टवरून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवरून, घालतो, कारण याने एकही फ्रेम वाढत नाही आणि लोकांना वाटतं इथे वाचवावं. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, स्टिकरवर मोठा आकडा आणि १२ व्होल्टच्या लाइनीवर बघितलं तर जेमतेम अर्धी ताकद. आकडा वाचायचा तो स्टिकरवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यातला, कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच खातात. वॉट मात्र फार लागत नाहीत, ४०६० ची रेटिंग ११५ वॉट, ७६०० प्रोसेसर पूर्ण जोरात ९० च्या आत, बाकी सगळं धरून चांगल्या कंपनीचा ५५० सुद्धा आरामात, पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ६५०. ८० प्लस ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या लोडवर ८५ टक्के कार्यक्षमता एवढंच, आतला माल चांगला असल्याचं ते सर्टिफिकेट नव्हे, त्यामुळे वॉरंटीची वर्षं पण बघा.

एक प्रसंग सांगतो. एकाने एसएमपीएस नवा घेतला, मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) होता, आणि कॅबिनेटमधून ओढलेल्या जुन्या वायरी काढायचा कंटाळा म्हणून त्याच नव्यात खोचल्या. बसल्या बरोब्बर. पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही. स्विच दाबला आणि एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या, फोटोंसकट. तेव्हापासून आम्ही कानाला खडा लावलाय, जुनी वायर दिसली की आधी बाजूला काढून ठेवतो.

कॅबिनेट घेताना पुढची बाजू जाळीची बघा, बंद काचेची नको, आत हवाच गेली नाही तर तीन आरजीबी फॅन असून काय फायदा. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये मोजून ताडून घ्या. स्वतः जोडणार असाल तर कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म सोला, हसू नका, ती तशीच ठेवून ९५ डिग्रीवर तापणारे पीसी आम्ही उघडलेत.

घरी नेल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, वर मदरबोर्डाचं पोर्ट असतं त्याला नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १४४ करा, तो बरेचदा ६० वरच पडून असतो. कोटेशन हवं असेल तर येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा, मॉनिटरचं मॉडेल, जास्त खेळणार ते तीन-चार गेम, आणि जुन्या पीसीतलं काय काय पुन्हा वापरायचंय, जुना एसएमपीएस असेल तर त्याच्या स्टिकरचा फोटो पण.