शंभर कोटी युआनची पैज

१२ डिसेंबर २०१३. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या पुरस्कार सोहळ्यात दोन उद्योजकांची भर मंचावर जुंपली. मोबाइल फोन विकणाऱ्या शाओमीचे लेई जून म्हणाले, पाच वर्षांत आमची उलाढाल ग्रीच्या पुढे गेली, तर डोंग मिंगझू यांनी मला एक युआन द्यावा. एसी बनवणाऱ्या ग्रीच्या या प्रमुख बाई कसल्या ऐकतात! एक कशाला, शंभर कोटींची लावू, म्हणाल्या. तेव्हा ग्रीची उलाढाल होती सुमारे १२,००० कोटी युआन. शाओमीची जेमतेम त्याच्या पाव.

भांडणाच्या मुळाशी होता ‘इंटरनेट विचार’, म्हणजे कुठलाही धंदा इंटरनेट कंपनीसारखा चालवायचा. हा शब्द २०११च्या सुमारास बायदू या चिनी सर्च इंजिनच्या रॉबिन ली यांनी प्रथम वापरला असे सांगतात, पण गाजवला लेई जून यांनी. एकाग्रता, टोकाचा दर्जा, तोंडोतोंडी प्रसिद्धी आणि वेग, हे त्यांचे सूत्र. २०१० साली शाओमीने फोनच्या आधी सॉफ्टवेअर काढले आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत ते आठवड्या-आठवड्याला सुधारले. पहिला फोन आला २०११मध्ये, १,९९९ युआनला. तेव्हा स्वतःचा कारखाना नाही, जाहिरातीवर फारसा खर्च नाही, विक्री ऑनलाइन. मधले वितरक गळाल्याने भाव उतरवता आला. डोंगबाईंचे म्हणणे सरळ होते: कारखाने आमचे, तंत्र आमचे, दुकाने आमची, तुमचे काय?

पण वारे शाओमीच्या बाजूचे होते. बीजिंगमध्ये इंटरनेट कंपन्यांत नोकरी केलेल्या एकाने २०१२ साली च्यानबिंगचे, म्हणजे तिथल्या हातगाडीवरच्या धिरड्यांचे, दुकान थाटले. धिरडी मर्सिडीजमधून घरपोच! सोशल मीडियावर बोलबाला झाला, गुंतवणूकदार धावले. चवीबद्दल मात्र कुरकुर होती, आणि काही वर्षांत दुकानांना टाळे लागले. धिरड्याला दर आठवड्याला नवी आवृत्ती काढून काय साधणार, हे कुणी विचारले नसावे. मार्च २०१५मध्ये पंतप्रधान ली कछ्यांग यांनी ‘इंटरनेट प्लस’, म्हणजे जुन्या उद्योगांना इंटरनेटची जोड, सरकारी अहवालातच घातले. कालचा कंपन्यांचा मंत्र आता धोरण झाला.

शाओमी भारतात आली जुलै २०१४मध्ये, फ्लिपकार्टवरून. सेल सुरू झाला की काही सेकंदांत माल संपायचा आणि गल्लीतला मोबाइलवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘तो आमच्याकडे मिळत नाही.’ पण हातात घेऊन बघितल्याशिवाय फोन न घेणारे गिऱ्हाइक फार मोठे होते. २०१७मध्ये कंपनीने बंगळुरूत स्वतःचे पहिले दुकान उघडले. पुढे मोबाइलवाल्यांकडेही तिचे फोन दिसू लागले. ज्यांना वगळून भाव उतरवला, त्यांच्याच दारात जावे लागले.

पैजेचा निकाल २०१८च्या आकड्यांनी लावला: ग्री सुमारे २०,००० कोटी युआन, शाओमी सुमारे १७,५००. डोंगबाई जिंकल्या. २०१९मध्ये शाओमी ग्रीच्या पुढे गेली, पण मुदत तर वर्षापूर्वीच संपली होती.